कादंबरीच्या वाटेने युद्धभूमीकडे

कोपरीहून बाळकुमच्या रस्त्याने निघून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची वेस लागते. अंतर थोडे आहे. आपल्यापैकी कित्येकांची माणसे तिथल्या मागांवर आणि गोदामांत कामाला आहेत. याच भिवंडीत १९७० सालच्या मे महिन्यात भीषण दंगल उसळली. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी आणि त्यांचे धाकटे बंधू, हिंदी लेखक भीष्म साहनी, भिवंडीत आले होते. भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९४७ सालच्या मार्चमध्ये त्या शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत झालेला संहार त्यांनी पाहिला होता, मदतकार्यातही भाग घेतला होता. परंतु त्यावर कादंबरी लिहिली नव्हती. भिवंडीतील ओस गल्ल्या पाहिल्या आणि तेवीस वर्षांपूर्वीची रावळपिंडी त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यातून ‘तमस’ लिहिली गेली आणि १९७४ साली प्रसिद्ध झाली. फाळणीवरची हिंदीतील एक थोर कादंबरी आपल्या ठाणे जिल्ह्यातील एका जळलेल्या गावामुळे जन्माला आली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

या शाळेतून बाहेर पडलेले आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोपरीत एकत्र बसतो आणि ठरवलेल्या पुस्तकावर बोलतो. गेल्या काही वर्षांत आम्ही मुख्यतः एकाच प्रकारची पुस्तके वाचली: ज्या देशांत युद्ध किंवा यादवी झाली, त्या देशांविषयीच्या कथा-कादंबऱ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले, तेव्हा विमानतळावर उसळलेली गर्दी सर्वांनी पडद्यावर पाहिली. ही माणसे कोण, ती एवढी का धावत आहेत, याचे उत्तर त्या चित्रांत नव्हते. ते शोधण्यासाठी बातमी सोडून कादंबरीकडे वळावे की नाही, वळल्यास तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आमच्यापुढे तेव्हापासून आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी आमचे म्हणणे मांडत आहोत.

प्रारंभ ‘तमस’पासूनच करणे योग्य होईल. या कादंबरीच्या अखेरीस निर्वासितांच्या मदतकेंद्राचे एक प्रकरण आहे. तिथे एक कारकून वही घेऊन बसला आहे. त्याला आकडे हवे आहेत: किती मेले, किती घरे जळाली, किती रुपयांचे नुकसान झाले. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मात्र काही सांगायचे आहे. कुणाचा मुलगा हरवला आहे, कुणाला घरात राहिलेले दागिने आठवतात, कुणाला कशाचीच खात्री उरलेली नाही. कारकून प्रत्येकाला अडवतो आणि म्हणतो, गोष्ट नको, आकडा सांगा. तो दुष्ट मनुष्य नाही. त्याचे कामच ते आहे. आकडा लिहिला नाही तर मदत पोचणार नाही. परंतु भीष्म साहनींनी हे एक प्रकरण लिहून कादंबरीचे काम कोणते, हे आपोआप सांगून टाकले आहे. कारकुनाच्या वहीत जे मावले नाही, ते तिने नोंदवायचे.

आपल्या वाचकांनी याच कादंबरीतील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिची सुरुवात नत्थू नावाच्या चर्मकारापासून होते. पाच रुपये हातावर ठेवून त्याच्याकडून एक डुक्कर मारून घेतले जाते. ते कशासाठी, हे त्याला सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवशी ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. दंगल ज्यांनी योजली त्यांचे हात कोरडे राहतात. ज्याच्या हातून पहिले काम करवून घेतले तो मात्र अखेरपर्यंत अपराधाच्या ओझ्याखाली राहतो. गोविंद निहलानी यांनी १९८८ साली ‘तमस’ दूरदर्शनवर आणली तेव्हा तिचे प्रक्षेपण थांबवावे म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्हीकडे मालिकेच्या बाजूने निर्णय झाला. ओम पुरी यांचा नत्थू ज्यांनी तेव्हा पाहिला, त्यांना तो आजही आठवत असेल. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात फाळणीच्या प्रकरणात नेत्यांची नावे असतात, करारांच्या तारखा असतात; नत्थू नसतो.

फाळणी म्हटली की कोपरीकराने दूर पाहण्याचे कारण नाही. सिंधमधून उखडलेल्या कुटुंबांची वस्ती कोपरीतच उभी राहिली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेसाठी बांधलेल्या बराकींत हजारो निर्वासित उतरवले गेले आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एका युद्धासाठी बांधलेल्या बराकी दुसऱ्या संहारातून निसटलेल्यांच्या घरांच्या कामी आल्या. आपण त्या बाजारांत लग्नाचे कपडे घेतले, पापड घेतले, भावात घासाघीस केली. दुकानदाराच्या आजीने काय मागे टाकले, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

येथे कुणी म्हणेल की, परक्या देशाचे दुःख आपण कशाला वाचायचे? आपले काय थोडे आहे? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांस आपल्याच साहित्याच्या इतिहासात सापडले. अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे, असे सांगितले जाते. वाटेगावहून मुंबईस आलेला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेला हा शाहीर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडवर पोवाडा रचतो. स्टालिनग्राड त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. रशियास ते गेले ते १९६१ साली. परंतु गॉर्कीच्या लेखनातून तिथला श्रमिक त्यांना ओळखीचा झाला होता. ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची शाश्वती नव्हती, त्याला हजारो मैलांवरचे वेढलेले शहर आपले वाटले. आपले दुःख मोठे आहे म्हणून दुसऱ्याचे पाहू नये, हा हिशेब अण्णा भाऊंनी मांडला नाही.

दुसरे उत्तर याहून जवळचे आहे. आपल्यालाही लोक पुस्तकांतून समजून घेत असतात. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली. ज्यांनी महारवाड्यात कधी पाऊल टाकले नव्हते, अशा कितीतरी वाचकांनी ही पुस्तके वाचली. त्यांतल्या काहींची नजर कायमची बदलली. काही जण डोळे पुसून पुन्हा पूर्वीसारखे झाले. काहींनी तर वाचल्यावर आपल्या वस्तीविषयी आपल्यालाच दोन गोष्टी ऐकवल्या. वाचले जाणे म्हणजे काय, वाचकाच्या हळहळीत कुठे खरी ओल असते आणि कुठे नुसते कुतूहल, हे आपला समाज जाणतो. तेव्हा आपण दुसऱ्या देशाची कादंबरी हातात घेतो तेव्हा हा अनुभव बरोबर घेऊनच बसावे. आमच्या मते तो आपल्या वाचकाजवळचा सर्वांत मोठा ठेवा आहे.

मराठीत या प्रकारच्या वाचनाचा विचार करताना विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ला वगळून पुढे जाता येत नाही. कादंबरी १९३९ सालची. म्हणजे युरोपात युद्धाला तोंड फुटले त्याच वर्षीची. शीर्षक ‘रणांगण’ असले तरी तिच्यात लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे. तीत मायदेशी परतणारा चक्रधर हा मराठी तरुण आहे आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. त्यांतल्या हॅर्टा नावाच्या तरुणीशी त्याचे प्रेम जमते. मुंबई आली की तो उतरू शकतो. ती उतरू शकत नाही.

हे शेवटचे वाक्य साधे दिसते, पण सारे युद्ध त्यात आहे. १९३८ सालच्या ऑक्टोबरपासून जर्मनीने ज्यूंच्या पारपत्रांवर एका अक्षराचा लाल शिक्का मारावयास सुरुवात केली होती. तो शिक्का पाहताच बहुतेक देशांचे दरवाजे बंद होत. शांघाय हे व्हिसावाचून उतरता येण्याजोग्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होते आणि सुमारे वीस हजार ज्यू निर्वासितांनी तिथे आसरा घेतला. ही माहिती आम्ही नंतर शोधली. कादंबरी वाचताना एवढेच कळत होते की, एकाच बोटीवर, एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन माणसांपैकी एकाजवळ उतरण्यासाठी बंदर आहे आणि दुसऱ्याजवळ नाही. पाणवठ्यावर उभे राहूनही पाणी घेता न येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी सोसले, त्यांना हॅर्टाची मुंबई समजावून सांगावी लागत नाही. आणि चक्रधर? तो वाईट नाही. तो नुसता उतरून जातो. हॅर्टाचे पुढे काय होते ते ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांनी स्वतः वाचावे.

आता अफगाणिस्तान. या देशाची आपल्याकडील पहिली साहित्यिक ओळख रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ने करून दिली, ती कथा १८९२ सालची आहे. पुढे बलराज साहनींच्या चित्रपटामुळे तो सुकामेवा विकणारा, मुलीच्या आठवणीने व्याकूळ होणारा पठाण घरोघरी पोचला. मराठीत प्रतिभा रानडे यांनी काबूलमध्ये काही वर्षे राहून ‘अफगाण डायरी’ लिहिली. ती कादंबरी नव्हे, पण कादंबरी वाचण्यापूर्वी अवश्य वाचावी अशी आहे. खरी लाट आली ती खालेद होसैनी यांच्या पुस्तकांमुळे. ‘द काईट रनर’ २००३ साली आणि ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ २००७ साली इंग्रजीत आल्या. दोहोंचे मराठी अनुवाद मेहता पब्लिशिंग हाऊसने काढले आणि ते अगदी तालुक्याच्या वाचनालयांतही पोचले. होसैनी जन्माने काबूलचे, १९६५ सालचे. वडील राजनैतिक सेवेत असल्यामुळे कुटुंब १९७६ साली पॅरिसला गेले, मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर परतणे अशक्य होऊन १९८० साली अमेरिकेत आश्रयास गेले. म्हणजे ज्या युद्धावर ते लिहितात, त्या युद्धाच्या वेळी ते तिथे नव्हते. ही गोष्ट दोषादाखल सांगत नाही. पुस्तक उघडताना ती ठाऊक असावी म्हणून सांगतो.

‘द काईट रनर’ ही अमीर आणि हसन या दोन मुलांची गोष्ट. अमीर सधन पश्तून घरातला, हसन त्याच घरातल्या हझारा नोकराचा मुलगा. दोघे एकाच अंगणात वाढतात. अमीर शाळेत जातो, हसन त्याचे कपडे इस्त्री करतो. हसनला वाचता येत नाही. डाळिंबाच्या झाडाखाली बसून अमीर त्याला ‘शाहनामा’तील रुस्तुम-सोहराबाची गोष्ट वाचून दाखवतो. मधूनच एखाद्या कठीण शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ सांगून त्याची गंमतही करतो. पतंगांची स्पर्धा, काचेच्या मांजाने कापलेली बोटे, कटलेल्या पतंगामागे धावणे, हे सारे आपल्या संक्रांतीइतके ओळखीचे. मग हसनवर एक भयंकर प्रसंग ओढवतो, अमीर तो आडून पाहतो आणि पुढे येत नाही. देशावर युद्ध कोसळण्यापूर्वीच या घरात एक युद्ध होऊन गेलेले असते.

आमच्या बैठकीत या कादंबरीवर सर्वांत अधिक वाद झाला. काहींना ती फार आवडली. काहींचा आक्षेप असा की, सारी गोष्ट अमीर सांगतो. अपराध त्याचा, पश्चात्ताप त्याचा, प्रायश्चित्तही त्याचे. हसन निष्ठावान आहे, सोशिक आहे, क्षमाशील आहे, आणि मरतो. मालकाच्या मुलाला भला माणूस होता यावे यासाठी नोकराच्या मुलाने किती सोसावे? वाड्यातून लिहिलेल्या गावाच्या कथा आपणही मराठीत पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतला स्वामिनिष्ठ गडी आपल्या ओळखीचा आहे. आम्हांस हा आक्षेप बराचसा मान्य आहे. तरी एक गोष्ट कादंबरीच्या बाजूने सांगितली पाहिजे. हसन मोठेपणी लिहायला-वाचायला शिकतो आणि अमीरला पत्र पाठवतो. त्या दोन-तीन पानांत तो पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलतो. काबूलचे काय झाले हे वाचकाला सर्वांत स्पष्टपणे तिथेच कळते. सबंध पुस्तक त्याचे असते तर काय झाले असते, असे वाटत राहते. हझाराचे ‘बलुतं’ अजून आपल्या हाती आलेले नाही.

हझारा लोकांची ही ओळख आपल्या वाचकांस आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. २००१ सालच्या मार्च महिन्यात बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या गेल्या. एक सुमारे पंचावन्न मीटर उंच, दुसरी अडतीस; सहाव्या शतकाच्या आसपास कड्यात कोरलेल्या. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने त्या पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या पडल्या तेव्हा आपल्या वस्त्यांत, विहारांत फार हळहळ झाली आणि ती अगदी साहजिक होती. परंतु त्या कड्याखाली राहणाऱ्या माणसांविषयी तेव्हा आपण काय जाणत होतो? ते मुख्यतः हझारा. मुसलमानच, पण शिया पंथाचे; चेहरेपट्टीमुळे वेगळे ओळखू येणारे, पिढ्यानपिढ्या हलकी कामे करवून घेतलेले. मूर्ती फुटण्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे, ऑगस्ट १९९८ मध्ये, मझार-ए-शरीफ शहरात याच लोकांचे मोठे हत्याकांड झाले होते. मूर्तींची बातमी जगभर पहिल्या पानावर आली. माणसांची बातमी तशी आली नाही.

‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मध्ये बामियानचा प्रवास आहे आणि तो आमच्या मते त्या पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग आहे. लैला या मुलीचे वडील पेशाने शिक्षक. कम्युनिस्ट राजवटीत त्यांची शिक्षकी जाते आणि ते पावाच्या कारखान्यात काम करू लागतात. मुलीने शिकावे हा त्यांचा एकच ध्यास. एके दिवशी ते लैलाला आणि तिच्या मित्राला मोटारीने बामियानला नेतात. तिघे आतल्या अंधाऱ्या पायऱ्यांनी चढून मूर्तीच्या माथ्यावर पोचतात आणि वरून हिरवी दरी, शेते, खाली कामे करणारी माणसे पाहतात. बाप मुलीला सांगतो की हा तुझाही वारसा आहे. एक मुसलमान शिक्षक आपल्या लेकीला बुद्धाच्या माथ्यावर नेऊन हे सांगतो, हे वाचताना आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आवाज थांबला होता. पुढे मूर्ती उडवल्याची बातमी कादंबरीत येते, तेव्हा लैलाच्या घरात तिच्याकडे लक्ष द्यायलाही कुणाला सवड नसते, इतके त्यांचे स्वतःचे आयुष्य मोडलेले असते.

याच कादंबरीने आमचा एक ढोबळ समज दुरुस्त केला. अफगाणिस्तानचा विध्वंस म्हटला की आधी रशियन, मग तालिबान, असा क्रम सांगितला जातो. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये आल्या, फेब्रुवारी १९८९ मध्ये गेल्या; तालिबानने काबूल घेतले सप्टेंबर १९९६ मध्ये. मधल्या काळाचे काय? १९९२ ते १९९६ या चार वर्षांत, रशियनांविरुद्ध एकत्र लढलेले मुजाहिदीन गट एकमेकांवर उलटले आणि टेकड्यांवरून शहरावर अग्निबाण डागत राहिले. काबूल शहर मोडले ते प्रामुख्याने या काळात. लैलाचे आईवडील घर सोडून निघण्याच्या दिवशीच अशा एका अग्निबाणाने मरतात. तालिबान आल्यावर प्रारंभी काही लोकांना हायसे का वाटले असेल, हे हा भाग वाचल्यावाचून उमगत नाही. तारखा कोणत्याही कोशात मिळतील. पण सामान बांधून झाले आहे, बाप पुस्तकांची खोकी बाहेर नेतो आहे, आणि शीळ घुमते. यानंतर १९९२ हा आकडा विसरता येत नाही.

अफगाणिस्तानपेक्षा श्रीलंकेविषयी वाचणे आम्हांस जड गेले. कारण उघड आहे. धर्मानंद कोसंबी गोव्याहून निघून, वणवण करीत, १९०२ साली सिंहलद्वीपास पोचले आणि सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. त्यांच्या ‘निवेदन’मधून आपल्याकडे त्या बेटाचे पहिले आत्मीय चित्र आले. १९५० सालच्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले. आपल्या घरांत श्रीलंका म्हणजे बोधिवृक्षाची फांदी, अनुराधपूर, दंतधातू. त्याच देशात १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे यादवी चालली. १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते राख झाली. बुद्धाला मानणाऱ्या बहुसंख्याकांच्या राज्यात तमिळांची ही गत का झाली, आणि तमिळ वाघांनी स्वतःच्याच लोकांना, लहान मुलांनासुद्धा, युद्धात का ओढले, हे दोन्ही प्रश्न टाळून त्या देशावर प्रेम करणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटले नाही.

मायकेल ओंडाटजे यांची ‘अनिल्स घोस्ट’ ही २००० सालची कादंबरी आम्ही इंग्रजीतच वाचली. अनिल ही परदेशी शिकून आलेली तज्ज्ञ स्त्री. सरकारी ताब्यातील पुरातत्त्वीय क्षेत्रात तिला एक सांगाडा सापडतो. तो प्राचीन नसून अलीकडचा आहे, असे तिच्या ध्यानात येते. त्याचा चेहरा पुन्हा घडवण्यासाठी आनंद नावाच्या कारागिराला आणले जाते. तो वंशपरंपरेने बुद्धमूर्तींचे डोळे रंगवणारा आहे. नेत्रमंगल विधीत कारागीर मूर्तीकडे थेट पाहत नाही. आरशात पाहून, खांद्यावरून कुंचला नेऊन डोळे रेखतो. या आनंदाची बायको बेपत्ता झालेली आहे. शेवटी तो चोरट्यांनी गुप्तधनासाठी सुरुंग लावून फोडलेल्या एका प्रचंड बुद्धमूर्तीचे तुकडे जुळवतो. चेहऱ्यावर सांधे दिसत राहतात, तो ते लपवीत नाही. हे पुस्तक बामियानच्या आदल्या वर्षीचे आहे, हे आठवले की अंगावर शहारा येतो.

मात्र ओंडाटजे यांच्या कादंबरीत तमिळ माणूस दूरच राहतो. ती उणीव अनुक अरुदप्रगासम या तमिळ लेखकाच्या ‘द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज’ या २०१६ सालच्या लहानशा कादंबरीने भरून काढली. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत एका छावणीत दिनेश नावाचा तरुण आहे. एक म्हातारा त्याला विचारतो, माझ्या मुलीशी लग्न करशील का? लग्न होते, आणि कादंबरी एका दिवसात संपते. कुठले सरकार, कुठला पक्ष, याची चर्चा जवळजवळ नाही. अंघोळ करणे, केस कापणे, भात जेवणे, झोप लागणे, या क्रिया लेखक इतक्या सावकाश लिहितो की, तोफा पडत असताना माणूस आणखी काय करतो ते दिसू लागते. शेहान करुणातिलक यांना २०२२ साली बुकर पारितोषिक मिळवून देणाऱ्या ‘द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा’ या कादंबरीत निवेदकच मेलेला आहे आणि विनोदाची धार काळी आहे. आमच्यापैकी निम्म्यांना ती आवडली, निम्म्यांना झेपली नाही.

कादंबरी हा पुरावा नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कुणी किती माणसे मारली, याचे उत्तर तिच्यात शोधू नये. त्यासाठी कारकुनाची वहीच लागते. म्हणून आमचा प्रघात असा की, भिंतीवर नकाशा टांगायचा, फळ्यावर आठ-दहा तारखा लिहायच्या आणि मग पुस्तक उघडायचे. दुसरा प्रघात म्हणजे प्रत्येक पुस्तकाविषयी तीन गोष्टी आधी विचारायच्या: लेखक त्या देशात कोणत्या गटातला, लिहिताना तो कुठे होता, आणि मूळ पुस्तक कोणत्या भाषेत आहे. परदेशातील वाचकासाठी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात काही गोष्टी उगाच समजावून सांगितलेल्या असतात आणि काही सोयीसाठी गोड केलेल्या असतात. अनुवादात आणखी एक पदर चढतो. दारीतला शब्द इंग्रजीतून मराठीत येताना काबूलचा नान कधी पाव होतो, कधी भाकरी.

पालकांसाठी एक सूचना. ‘द काईट रनर’मध्ये लहान मुलावरील अत्याचाराचा प्रसंग आहे आणि ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मध्ये घरातील मारहाणीची वर्णने, दहावीच्या आतील मुलांच्या हाती ती एकट्याने वाचण्यासाठी देऊ नयेत. वसतिगृहातल्या मुलाने रात्री असे पुस्तक मिटले तर शेजारी बोलायला आई नसते. वरच्या वर्गातील मुलांनी ती शिक्षकांबरोबर वाचावीत. ‘तमस’ हिंदीत वाचणे आपल्या मुलांस कठीण नाही. श्रीलंकेविषयीची जी पुस्तके वर सांगितली, ती आम्हांस इंग्रजीतच मिळाली. माजी विद्यार्थ्यांपैकी अनुवादाचे काम करणाऱ्यांनी, विशेषतः अरुदप्रगासम यांच्या त्या लहान कादंबरीकडे, लक्ष द्यावे. ज्यांना एवढे सारे वाचण्यास सवड नाही त्यांनी ‘रणांगण’पासून आरंभ करावा. ते पुस्तक फार जाड नाही, मराठीच आहे, आणि ठाणे ते कसारा अशा दोन-तीन खेपांत वाचून होते.